शिबीचे डोळे, साप्पोरोचे हृदय : देण्याची रीत कशी घडते आणि कशी मोडते

१/
अजिंठ्याच्या १७व्या लेण्यात शिबी राजाची कथा रंगवलेली आहे. आपल्या ओळखीचा शिबी म्हणजे ससाण्यापासून कबुतराला वाचवण्यासाठी स्वतःचे मांस तराजूत घालणारा राजा. ती कथाही अजिंठ्यातच, १ क्रमांकाच्या लेण्यात आहे. १७व्या लेण्यातला शिबी मात्र वेगळा. पाली जातकातला हा राजा आंधळ्या ब्राह्मणाचे रूप घेऊन आलेल्या शक्राला स्वतःचे दोन्ही डोळे काढून देतो.

२/
हे चित्र पाचव्या शतकातले, वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळातले. म्हणजे नेत्रदानाची कथा सह्याद्रीच्या या कड्यात दीड हजार वर्षे भिंतीवर आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हीच कथा समुद्रापलीकडच्या एका बेटावर पुन्हा सांगितली जाऊ लागली आणि काही दशकांत ते बेट जगाला डोळे पुरवू लागले. ज्या भूमीत चित्र आहे तिथे तसे घडले नाही. महाराष्ट्रात नेत्रदान होते, त्यासाठी आयुष्य वेचणारी माणसेही आहेत. पण ती घरोघरची रीत झाली आहे, असे म्हणवत नाही.

३/
आजचा धागा या फरकाविषयी आहे. अवयवदानाचा इतिहास बहुधा शल्यचिकित्सकांचा इतिहास म्हणून लिहिला जातो : पहिले मूत्रपिंड, पहिले हृदय, पहिले यकृत. पण घेणाऱ्याच्या शरीरात अवयव बसण्यापूर्वी देणाऱ्याच्या घरात कोणीतरी ‘हो’ म्हणालेले असते. त्या होकाराचाही इतिहास असतो, आणि माझ्या मते तो अधिक गुंतागुंतीचा आहे.

४/
होकार देताना माणूस कळत-नकळत दोन प्रश्न विचारतो. आपल्यासारखी माणसे अशा वेळी काय करतात? आणि आपण असे केले तर आपली माणसे काय म्हणतील? समाजशास्त्राचे अभ्यासक या दोहोंना मिळून सामाजिक संकेत म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी ‘रीत’ हा छोटा शब्द आहे, मी तोच वापरतो. रीत कायद्यात लिहिलेली नसते आणि ग्रंथातही पुरती नसते. ती शेजाऱ्यांच्या नजरेत असते.

५/
कायद्याचे काय, असे कोणी विचारेल, म्हणून तो मुद्दा लगेच निकालात काढतो. २००३ मध्ये जॉन्सन आणि गोल्डस्टीन या दोन अभ्यासकांनी युरोपातील आकडे शेजारीशेजारी मांडले. जर्मनीत दाता व्हायचे तर नाव नोंदवावे लागे. तिथे संमती १२ टक्के. ऑस्ट्रियात नकार नोंदवला नाही तर संमती गृहीत, तिथे ९९.९८ टक्के. भाषा एक, शेजार एक आणि फरक एवढा! हा तक्ता तेव्हापासून जगभर फिरतो आहे.

६/
पण कागदावरची संमती म्हणजे प्रत्यक्ष दान नव्हे. स्पेनने गृहीत संमतीचा कायदा १९७९ मध्येच केला होता. तरी स्पेन या क्षेत्रात अग्रेसर झाला तो १९८९ मध्ये राष्ट्रीय प्रत्यारोपण संघटना स्थापन झाल्यावर. रुग्णालयारुग्णालयांत समन्वयक नेमले गेले आणि ते शोकाकुल कुटुंबाशी बोलू लागले तेव्हा. स्पेनमध्ये आजही कायद्याने गरज नसताना कुटुंबाला विचारतात. त्या संघटनेचे संस्थापक राफाएल मातेसान्स स्वतःच यशाचे श्रेय कायद्याला देत नाहीत. सारांश, कायदा दार उघडतो. त्यातून आत जायचे की नाही, हे घरात ठरते.

७/
आता त्या बेटाकडे. १९५६ साली श्रीलंकेत, तेव्हाच्या सिलोनमध्ये, बुद्धाच्या महापरिनिर्वाणाची २५०० वर्षे मोठ्या समारंभाने साजरी झाली. स्वातंत्र्य मिळून आठच वर्षे झाली होती. विहारांचे जीर्णोद्धार, ग्रंथांच्या नव्या आवृत्त्या, मिरवणुका. आपण कोण, या प्रश्नाचे ‘आपण बौद्ध’ असे उत्तर सिंहली समाज उंच स्वरात देत होता. त्या स्वराची दुसरी बाजू तमिळ भाषकांना त्याच वर्षीच्या भाषा कायद्याने जाणवली. पण ती बाजू पुढे येईल.

८/
दोन वर्षांनी, १९५८ मध्ये, हडसन सिल्वा या वैद्यकीय विद्यार्थ्याने वृत्तपत्रात एक लेख लिहिला आणि मृत डोळ्यांना जीवन देण्याचे आवाहन केले. नेत्रपटल म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा. तो गढूळ झाला की डोळा आतून निरोगी असूनही माणसाला दिसत नाही. मृताचा स्वच्छ पडदा तिथे शिवता येतो. ही शस्त्रक्रिया नवी नव्हती. १९०५ पासून ती यशस्वी होत आली होती. अडचण एकच, डोळे देणार कोण? नेत्रपटल-रोपणाचा कायदा सिलोनमध्ये झाला होता, पण दाते अगदी मोजके.

९/
१९६० मध्ये सिल्वा यांच्या आईचे निधन झाले. तिचे नेत्रपटल एका गरीब शेतकऱ्याच्या डोळ्यांत बसवले गेले. या घटनेपाशी क्षणभर थांबायला हवे. आवाहन करणारे पुष्कळ असतात. पण ज्याने तुम्हाला आवाहन केले त्याने स्वतःच्या आईच्या बाबतीत ते केले, ही बातमी गावात पोहोचते तेव्हा ‘आपल्यासारखी माणसे काय करतात’ या प्रश्नाला पहिल्यांदा एक ठोस उत्तर मिळते.

१०/
१९६१ मध्ये नेत्रदान संस्था स्थापन झाली. सुरुवातीला डोळे ठेवण्याची सोय म्हणजे सिल्वा दांपत्याच्या घरातले शीतकपाट! हडसन आणि त्यांच्या पत्नी इरांगनी यांनी हे काम संसारासारखे चालवले. १९६४ मध्ये सिंगापूरला पहिले डोळे गेले ते चहाच्या थर्मासमध्ये, बर्फात ठेवून. त्यानंतर पन्नासहून अधिक देशांत श्रीलंकेचे नेत्रपटल पोहोचले. सर्वाधिक वाटा पाकिस्तानचा. संमतिपत्रे भरणाऱ्यांची संख्या लाखांत गेली.

११/
हे कसे साधले? सिल्वा यांनी नवे मूल्य शोधून आणले नाही. जुन्या मूल्याला नवा पत्ता दिला. थेरवादी परंपरेत दानाच्या तीन पायऱ्या आहेत. वस्तूंचे दान ही पहिली, शरीराच्या अवयवांचे दान ही दुसरी, प्राणांचे दान ही तिसरी. शिबी दुसऱ्या पायरीवर उभा आहे. तिसरीवर श्रीलंकेचा स्वतःचा राजा आहे, मस्तक दान करणारा श्रीसंघबोधी. या कथा तिथे संग्रहालयात नव्हत्या. त्या विहारांच्या भिंतींवर होत्या आणि पौर्णिमेच्या प्रवचनात भिक्खूंच्या तोंडी होत्या.

१२/
अजिंठ्याशी फरक इथे पडतो. आपला शिबी अरण्यात शतकानुशतके विस्मृतीत राहिला. १८१९ मध्ये लेणी पुन्हा उजेडात आली तेव्हा ती पाहायला येणारे भक्त नव्हते, प्रेक्षक होते. कथा जिवंत राहण्यासाठी ती ठरावीक दिवशी, ठरावीक माणसाने, एकत्र बसलेल्या माणसांना सांगावी लागते. शेजारीही ती ऐकतो आहे, हे ऐकणाऱ्याला दिसावे लागते. भिंतीवरच्या चित्रापेक्षा प्रवचनाला बसलेल्या गर्दीचे सामर्थ्य मोठे असते, असे मला वाटते.

१३/
आणखी एक गोष्ट. नेत्रपटल मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत काढावे लागतात. म्हणजे निर्णय त्याच घरात, त्याच वेळी घ्यायचा असतो जेव्हा कोणाचीच निर्णय घेण्याची अवस्था नसते. अशा वेळी माणूस विचार करत नाही, रीतीप्रमाणे वागतो. दर्भ कोणी आणायचे, तिरडी कोणी बांधायची, निरोप कोणाला धाडायचे, हे आपल्याकडे कोणाला ठरवावे लागत नाही. श्रीलंकेतल्या अनेक घरांत नेत्रदान या ‘न ठरवता होणाऱ्या’ गोष्टींत जाऊन बसले. ज्येष्ठाने जिवंतपणी आनंदाने संमतिपत्र भरले, त्यातच पुण्याची सुरुवात झाली. मुलांनी फक्त ते पुरे करायचे.

१४/
शिवाय डोळ्यांच्या दानात मृत्यूविषयी वाद नसतो. श्वास थांबलेला, शरीर गार पडलेले. पडदा काढल्यावर चेहरा पूर्ववत दिसतो. हा मुद्दा लक्षात ठेवा. हृदयाकडे वळल्यावर तो महत्त्वाचा ठरणार आहे.

१५/
आता राहिलेली दुसरी बाजू. १९५१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या शांतता परिषदेत सिलोनचे अर्थमंत्री जे. आर. जयवर्धने यांनी वैराविषयीच्या बुद्धवचनाचा आधार घेत जपानकडून युद्धभरपाई घेणार नसल्याचे जाहीर केले. जपानी लोक ते विसरले नाहीत. १९९६ मध्ये जयवर्धने वारले तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार नेत्रदान झाले आणि जपानपर्यंत पोहोचले. सुंदर गोष्ट आहे, आणि ती अशीच सांगितली जाते. मात्र जुलै १९८३ मध्ये कोलंबोत तमिळांची घरेदुकाने जळत होती तेव्हा राष्ट्राध्यक्ष हेच जयवर्धने होते. परक्याला डोळे देण्याची रीत पाळणारा समाज शेजाऱ्याशी असाही वागू शकतो. एका बाबतीत उदार झालेला समाज सर्व बाबतींत उदार होतो, हा भाबडेपणा इतिहासाच्या विद्यार्थ्याला परवडत नाही.

१६/
ते डोळे जिथे पोहोचले त्या जपानकडे आता वळू. इथेही अंत्यविधी बहुतांशी बौद्ध पद्धतीने होतात. म्हणजे ‘बौद्ध धर्मामुळे श्रीलंकेत दान वाढले’ हे स्पष्टीकरण खरे मानायचे तर जपानमध्येही तसे दिसायला हवे. दिसते ते नेमके उलट.

१७/
१९६८ हे वर्ष हृदयाचे होते. केपटाऊनला ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी डिसेंबर १९६७ मध्ये पहिले मानवी हृदय बदलले आणि जगभर चढाओढ लागली. (मुंबईही या चढाओढीत होती. केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्ल कुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये हृदय-प्रत्यारोपण केले. रुग्ण काही तासांतच दगावला. हे पान आपण फारसे उघडत नाही.) ५ ऑगस्ट १९६८ रोजी हार्वर्डच्या समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्याने मेंदू कायमचा निकामी होणे हा मृत्यूचा निकष मानावा असे सुचवले. आणि बरोबर तीन दिवसांनी, ८ ऑगस्टला, साप्पोरो वैद्यकीय विद्यापीठात जुरो वाडा यांनी जपानमधले पहिले हृदय-प्रत्यारोपण केले.

१८/
दाता २१ वर्षांचा विद्यार्थी, ओतारूच्या किनाऱ्यावर बुडालेला. ज्याला हृदय मिळाले तो १८ वर्षांचा. वृत्तपत्रांनी वाडा यांना डोक्यावर घेतले. तो मुलगा ८३ दिवस जगला. मग प्रश्न सुरू झाले. बुडालेला मुलगा खरोखर मृत होता का? ते ठरवले कोणी? ज्यांना हृदय हवे होते त्याच चमूने! मेंदूच्या विद्युतलेखाची नोंद पुढे करता आली नाही. ज्याला हृदय बसवले त्याला प्रत्यारोपणाची गरज होती की केवळ झडप बदलून भागले असते, यावर सहकारी डॉक्टरांनीच शंका घेतली. डिसेंबरमध्ये वाडा यांच्याविरुद्ध खुनाची फौजदारी तक्रार झाली. १९७० मध्ये सरकारी वकिलांनी खटला न भरण्याचा निर्णय घेतला.

१९/
खटला उभा राहिला नाही, पण समाजाने निकाल दिला होता. साप्पोरोनंतर जपानमध्ये दुसरे हृदय-प्रत्यारोपण झाले ते २८ फेब्रुवारी १९९९ रोजी. मध्ये तीस वर्षांहून अधिक काळ गेला. हा मागास देश नव्हता, हे ध्यानात घ्या. जगातली सर्वांत वेगवान आगगाडी इथे धावत होती आणि वैद्यकीय यंत्रसामग्री इथून जगभर जात होती. शल्यचिकित्सकांचे हात तयार होते. तयार नव्हते ते रुग्णाच्या पलंगाशेजारी बसलेले नातेवाईक.

२०/
विश्वास पुन्हा रुजू लागला की नवा धक्का बसे. १९८४ मध्ये त्सुकुबा विद्यापीठात मेंदूमृत स्त्रीचे स्वादुपिंड आणि मूत्रपिंड काढले गेले. ती मानसिक रुग्ण होती. स्वतः संमती देण्याच्या अवस्थेत ती कधी होती का, असा सवाल करून रुग्णहक्कांसाठी लढणाऱ्या गटाने पुन्हा खुनाची तक्रार केली. १९९० मध्ये पंतप्रधानांनी या प्रश्नासाठी विशेष आयोग नेमला. १९९२च्या अहवालात बहुमताने मेंदूमृत्यू हा मृत्यू मानला, पण तत्त्वज्ञ ताकेशी उमेहारा आदींनी भिन्नमत जोडले. दूरचित्रवाणी, मासिके, पुस्तके. मेंदूमृत्यूवर जेवढा सार्वजनिक वाद जपानने घातला तेवढा क्वचितच कोणी घातला असेल.

२१/
मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट लॉक यांनी जपान आणि उत्तर अमेरिका यांची तुलना करून यावर एक मोठा ग्रंथ लिहिला. अमेरिकेत हा बदल डॉक्टर आणि कायदेतज्ज्ञ यांच्यात मिटला. सामान्य माणसापर्यंत तो ‘जीवनाची भेट’ या रूपातच पोहोचला. जपानमध्ये तो लोकांपर्यंत संशयकथेच्या रूपात पोहोचला. श्वासयंत्रावर छाती हलते आहे, हात ऊबदार आहे, आणि डॉक्टर म्हणतात माणूस गेला. हे मानायला जो विश्वास लागतो तो साप्पोरोत खर्ची पडला होता.

२२/
अखेर १९९७ मध्ये कायदा झाला, तोही विलक्षण. ज्याने स्वतः लेखी संमती दिली आहे आणि ज्याच्या कुटुंबाचा विरोध नाही, त्याच्याच बाबतीत मेंदूमृत्यू हा मृत्यू. इतरांसाठी जुनी व्याख्या. एकाच रुग्णालयात, सारख्याच अवस्थेतल्या दोन माणसांपैकी एक मृत आणि एक जिवंत! पंधरा वर्षांखालच्या मुलांना संमतीच देता येत नव्हती. म्हणून ज्यांना छोटे हृदय हवे अशी बालके वर्गणी गोळा करून परदेशी न्यावी लागत. या कायद्याखाली पहिल्या जवळजवळ तेरा वर्षांत मेंदूमृत दात्यांची शंभरीही भरली नाही.

२३/
‘जपानी संस्कृतीतच देह अखंड ठेवण्याला महत्त्व आहे’, हे यावरचे नेहमीचे उत्तर. आईवडिलांनी दिलेल्या शरीराला इजा करू नये ही कन्फ्यूशियसपंथी शिकवण, मृतदेहाच्या विटाळाची शिंतो कल्पना वगैरे. मीही हे बराच काळ खरे मानत होतो. मग ‘केन्ताई’विषयी वाचले आणि ते उत्तर माझ्यापुरते कोसळले.

२४/
केन्ताई म्हणजे देहदान, वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या विच्छेदनासाठी. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी महाविद्यालयांना मृतदेह मिळेनात. जे मिळत ते बेवारसांचे. १९५५ मध्ये तोक्योत ‘शिरागिकु-काई’ म्हणजे पांढऱ्या शेवंतीची मंडळी या नावाची दात्यांची संघटना उभी राहिली. मोबदला नाही, अट नाही. सभासद एकमेकांना भेटत, त्यांची संमेलने होत. हळूहळू अशा संघटना इतर विद्यापीठांतही निघाल्या आणि १९८३ मध्ये कायदाही झाला. आज जपानमध्ये विच्छेदनासाठी येणारे जवळजवळ सर्व देह अशा दात्यांचे असतात. नोंदणी लाखांत आहे. काही विद्यापीठांना तर नवी नोंदणी थांबवावी लागली.

२५/
देह अखंड ठेवायचाच असेल तर विच्छेदनापेक्षा भयंकर काय असू शकते? एका हृदयासाठी तीस वर्षे अडलेला समाज आख्खे देह रांग लावून देतो. कारण केन्ताईत मृत्यूची वेळ कोणी घाईने ठरवत नाही. शंका घ्यावी असा लाभार्थी पलीकडच्या खोलीत वाट पाहत नसतो. अभ्यास संपल्यावर दहन होते, अस्थी कुटुंबाला परत मिळतात. विद्यापीठ दरवर्षी स्मृतिसभा घेते. ज्या विद्यार्थ्यांनी त्या देहावर शिक्षण घेतले ते तिथे मान लववतात. दात्याला हयातीतच ठाऊक असते की आपण एकटे नाही, आपल्यासारखे पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या काहींना तो नावानिशी ओळखतो.

२६/
तीच गोष्ट यकृताची. १९८९ पासून जपानमध्ये जिवंत नातेवाइकाच्या यकृताचा भाग काढून बसवण्याच्या शस्त्रक्रिया सुरू झाल्या आणि त्यात जपान जगात आघाडीवर गेला. आई मुलासाठी पोटावर सुरी फिरवून घेते, तिथे देहाच्या अखंडतेचा विचार आड येत नाही. म्हणून ‘संस्कृती’ हा एकच मोठा शब्द घेऊन या प्रश्नाला भिडू नये. रीत प्रत्येक दानाची वेगळी असते. डोळ्याची एक, हृदयाची दुसरी, देहाची तिसरी.

२७/
श्रीलंकाही याला अपवाद नाही. डोळे देण्यात एवढे पुढे असलेल्या त्या देशात मेंदूमृत दात्यांकडून मिळणाऱ्या मूत्रपिंडांच्या बाबतीत तशी भरारी दिसत नाही. तिथली बहुतेक मूत्रपिंडे जिवंत दात्यांची. शिबीने डोळ्यांची वाट घालून दिली. श्वासयंत्रावरच्या ऊबदार हाताविषयी जातकात काही नाही.

२८/
जपानने कायदा बदलला. जुलै २०१० पासून, मृताने नकार नोंदवला नसेल तर कुटुंबाच्या संमतीने अवयव घेता येतात, मुलांचेही. दात्यांची संख्या वाढली, आणि २०२३ मध्ये मेंदूमृत दात्यांनी प्रथमच वर्षाला शंभराचा आकडा ओलांडला. बारा कोटींच्या देशात! पाच कोटींहून कमी वस्तीच्या स्पेनमध्ये दरवर्षी दोन हजारांहून अधिक मृत दाते होतात.

२९/
२०२१च्या सरकारी पाहणीत सुमारे ४० टक्के जपानी लोकांनी आपण मेंदूमृत झालो तर अवयव द्यायला आवडतील असे सांगितले. तशी इच्छा कुठे नोंदवून ठेवणारे १० टक्क्यांच्या आसपास. वाहन परवान्याच्या मागच्या बाजूला त्यासाठी रकाना छापलेला असतो, बहुतेकांचा कोरा. या आकड्यांपाशी मी बराच वेळ थांबलो, कारण ते मला आमच्या घरातले वाटले.

३०/
चार वर्षांपूर्वी माझी आजी गेली. गावातल्या नेत्रशिबिरात तिने नेत्रदानाचा अर्ज भरला होता. त्यावर नातेवाईक म्हणून बाबांची सही होती. ती पहाटे गेली. दहन दुपारी झाले. तेवढ्या वेळात घरात तीसेक माणसे होती आणि नेत्रपेढीला फोन कोणीही केला नाही. तेराव्यानंतर कपाट आवरताना आत्याला तो अर्ज सापडला.

३१/
हा धागा लिहिताना मी बाबांना पहिल्यांदा विचारले. ते म्हणाले, “आठवण होती रे. पण काकांसमोर ते काढावं कसं? त्यांना आवडलं नसतं.” मग मी काकाआजोबांना फोन केला. ते आता ८१ वर्षांचे आहेत. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “वहिनींनी मला सांगितलं होतं अर्जाचं. मला वाटलं, तुझा बाप काढेल विषय. मुलगा तो. आपण मध्ये कशाला बोला?”

३२/
आत्यालाही ठाऊक होते. तिला वाटले होते, भाऊ आणि काका आहेत, ते पाहतील. तीस माणसांत विरोध करणारा एकही नव्हता, आणि प्रत्येकाने दुसऱ्याच्या मनात तो आहे असे धरले. काकाआजोबांनी आता स्वतःचा अर्ज भरला आहे. फोन कोणी करायचा ते त्यांनी त्यावर पेन्सिलीने लिहून ठेवले आहे : माझे नाव आणि नेत्रपेढीचा नंबर.

३३/
अजिंठ्याला गेलात तर १ आणि १७ या दोन्ही लेण्यांतला शिबी शोधा. आत उजेड बेताचा असतो. डोळे सरावायला थोडा वेळ द्या. पुढचा धागा १८३२च्या इंग्लंडवर : शरीरशास्त्राचा कायदा, प्रेतचोर, आणि स्वतःचा सांगाडा कपडे घालून बसवून ठेवा असे मृत्युपत्रात लिहिणारा जेरेमी बेंथम.